एकतीस टक्के लक्ष

मुलगी तेव्हा दहावीत होती. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं होतं. लक्ष एका जागी टिकत नाही; तो आळस नव्हे, मठ्ठपणाही नव्हे. वाचताना ते कुठे निसटतं हे कळलं तर मदत करता येईल, असंही त्या म्हणाल्या. बीडच्या एका क्लासने नजर टिपणारं यंत्र आणल्याची जाहिरात आली, तसा मी केजहून तिला घेऊन गेलो.

तपासणी बंद खोलीत होईल असं मला वाटलं होतं. ती हॉलमध्ये होती, खुर्च्या भरून बसलेल्या पालकांसमोर. मुलीने हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, डोकं हलू नये म्हणून. कॉम्प्युटरवर उतारा आला. ती जिथे पाही तिथे हिरवा ठिपका सरके, आणि तो आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसे. दोन ओळी सरळ गेल्या. मग ठिपका वरच्या कोपऱ्यात उडाला, ओळीवर आला, पुन्हा कोपऱ्यात.

"लेकरू वाचतंय का माशी हाकतंय?" मागून एक गृहस्थ म्हणाले. हॉल हसला. मुलीचे कान लाल झाले, पण हनुवटी तिने उचलली नाही.

"एकतीस टक्के लक्ष," क्लासचे सर माईकवर म्हणाले. "बी बॅच, कच्च्या पोरांची."

"एकतीस टक्के कशाचे, सर?" मी विचारलं.

"लक्षाचे, काका."

"पण भागलं कशानं?"

"जर्मनीची मशीन हाय. चुकत न्हाई."

त्यांना माहीतच नव्हतं. ज्याचा हिशेब येत नाही तो आकडा ते माझ्या मुलीच्या कपाळावर चिकटवत होते. शिसारी आली. कॉम्प्युटरवर उताऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, ठिपका उडत होता तिथेच, उरलेल्या वेळेचे सेकंद अजून पळत होते. मी पुढे गेलो, त्यांच्याच जाहिरातीचा कागद दुमडून त्या आकड्यांवर धरला. "आता दुसरा उतारा द्या."

ठिपका ओळीमागून ओळ चालत गेला. एकदा खिडकीकडे गेला, परत आला, शेवटपर्यंत पोचला.

"बघा!" सर माईकवर ओरडले. "एका बैठकीत सुधारणा! ताई, इकडं बघ, हस जरा. काका, फोटो बोर्डावर लावू, तुमची फी माफ."

मघाशी हसलेले लोक टाळ्या वाजवत होते.

"फोटो राहू द्या. सगळ्या पोरांसमोरून ते घड्याळ काढा," मी म्हणालो.

सरांनी माईक बाजूला धरला. "काका, घड्याळ काढलं तर सगळीच ए बॅचला जातील. मग बी बॅचला कोण बसंल?"

फोटोवाला पुढे आला. मुलीने तोंडावर हात धरला. "नको," ती म्हणाली, आणि मला, "बाबा, शाळेत सांगू, घड्याळ दिसणार नाही असा बाक द्या."

आम्ही निघालो तेव्हा पुढचं पोर पट्टीवर हनुवटी ठेवत होतं. कोपऱ्यात सेकंद पुन्हा पळू लागले होते.