चारशे घोडे आणि एक जवाई

चारशे घोड्यांच्या ताकदीची गाडी मी आयुष्यात एकदाच चालवली आणि त्यातला एकही घोडा माझ्या कामी आला नाही.

गाडी होती माझ्या मोठ्या मेव्हण्याची, प्रशांतची. त्याच्या धाकट्या भावाचं, गजूचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं, म्हणून तो ती पुण्याहून चिखलीला घेऊन आला. निळी, बुटकी, जमिनीला नाक टेकवून हुंगत असल्यासारखी. गल्लीतली सगळी माणसं भोवती जमली. सासरेबुवांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, बॉनेटवर थाप मारून विचारलं, "चारशे घोडे म्हणतं, मंग चारा किती खाते बे हे?"

मुलीचं गाव मोताळ्याच्या पलीकडे. प्रशांत इतर बायकांना आणि गुरुजींना घेऊन जीपमधून पुढे जाणार होता, रस्ता त्यालाच माहीत होता. मामाजी, नवरदेव गजू आणि माझी बायको या गाडीत; पण ती चालवणार कोण? मी वीस वर्षांपासून मोटरसायकल चालवतो आणि अधूनमधून शाळेच्या मुख्याध्यापकांची गाडी मागे घेऊन देतो. मी हात पुढे केला.

"भाऊजी, जमेल ना?" प्रशांतच्या चेहऱ्यावर बाप मरणाच्या दारात असल्यासारखी काळजी.

"अरे, न जमायला काय झालं!" असं म्हणत मी पायाखालचं काहीतरी दाबलं. गाडी अशी झेपावली आणि अशी गचकन थांबली की मामाजींचा फेटा मागच्या सीटवर आणि मामाजी जवळजवळ पुढच्या सीटवर!

शेवटी प्रशांतनं मला पाच मिनिटांत सगळं शिकवलं. "हे बटण दाबा. गाडी पुढच्या वाहनामागे आपोआप जाते, अंतर राखते, ब्रेकही तीच मारते. तुम्ही फक्त माझी जीप सोडू नका. आणि स्टिअरिंगवर हात ठेवा!"

पुढच्या काचेखाली एक पडदा होता. त्यावर समोरच्या वाहनाचं छोटंसं करडं चित्र दिसे. मला ते इतकं आवडलं की राजूर घाट उतरेपर्यंत मी काचेबाहेर बघणं सोडूनच दिलं. पडद्यावर करडी जीप, मागे आम्ही. काय शास्त्र आहे! (त्या पडद्यावर जीप, टेम्पो, ट्रक, सगळ्यांचं चित्र एकच असतं, हे शास्त्र मला नंतर कळलं.)

मोताळ्यात प्रशांत हार घ्यायला थांबला म्हणे. मला पडद्यावर करडं चित्र पुढे जाताना दिसलं, मी त्याच्या मागे गेलो.

"जवाई," मागून मामाजी म्हणाले, "मघाशी जीपवर ताडपत्री नव्हती."

"मामाजी, गाडी बघून राहिली ना."

"अवो, पण तुमी समोर पाहा ना!" ही माझी बायको, सुनंदा.

"प्रशांत कोठी दिसत नाई त्या जीपमधी," मामाजींनी पुन्हा सांगितलं.

"या गाडीला आपल्यापेक्षा जास्त दिसतं!" मी म्हणालो.

जीप डावीकडे वळली, मी वळलो. जीप कच्च्या रस्त्याला लागली, मीही लागलो. जीप एका मांडवासमोर थांबली आणि आमची गाडी बरोबर दोन हातांवर, अलगद, स्वतःहून थांबली. मी मागे वळून विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं.

मांडवात बरीच मंडळी बसलेली. पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हार घातलेला फोटो. मुलीचे आजोबा असतील, शुभकार्याला आठवणीनं फोटो ठेवलाय, केवढे संस्कारी लोक, असं मला वाटलं.

एक पागोटेवाले काका पुढे आले. "कोणाकडचे पाहुणे?"

"पोराकडचे," मी ऐटीत म्हणालो.

"मोठ्या पोराकडचे का लहान्या?"

"लहान्या."

"या, या. लय दुरून आले असान!"

इतक्यात एका म्हातारीनं नव्या कोऱ्या शेरवानीतल्या गजूला मिठी मारली. "आता आला व्हय रे बाबू! बुढा तुयी वाट पाहत गेला!" गजूला ती आजेसासू वाटली. पहिल्याच भेटीत चांगलं दिसावं म्हणून तोही हुंदके देऊन रडला.

आम्हाला पंगतीत बसवलं. ताटं आली. सुनंदा माझ्या कानात कुजबुजली, "मुलगी कोठी हाय?"

मी मोठ्यानं म्हणालो, "मुलीला बोलवा की!"

"पोरगी रडू रडू आत्ताच झोपली," काका म्हणाले.

"आत्तापासूनच रडते?" मामाजी चिंतेत पडले. "मंग पुढचं कार्य कवा करता? आमाले तं लवकर पाह्यजे."

काकांनी हातातली बुंदीची परात खाली ठेवली. "पुढचं कार्य? काऊन एवढी घाई करता बाप्पा? बुढी अजून धडधाकट हाय!"

त्याच क्षणी माझा फोन वाजला. प्रशांत ओरडत होता, "भाऊजी, आहात कुठे? नवरदेव तुमच्या गाडीत! अंगठी तुमच्या गाडीत! मुहूर्त जवळ आला!"

"अरे, आम्ही तर जेवायला बसलो."

"कोणाकडे?"

मी फोटोकडे पाहिलं. फोटोशेजारी पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या माणसाला हळूच विचारलं, "भाऊ, आज काय आहे इथं?"

"तेरवी," तो म्हणाला. "बुढा जाऊन तेरा दिवस झाले ना."

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की आजपासून तेराव्या दिवशी दुसरी तेरवी माझी असेल, याची मला खात्री पटली.

माणसं मात्र देवासारखी. खरं कळल्यावर ती म्हातारीच पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "बुढा असता तं लय हासला असता. जा रे बाबू, लगन कर!"

आम्ही गाडीकडे धावलो. पण गाडीच्या सावलीत चार बकऱ्या बसलेल्या आणि भोवती अर्धं गाव. मी बटण दाबलं. गाडी किंचाळली : पुढे अडथळा! मागे घेतली : मागे अडथळा! एक बकरी उठवली की दुसरी बसे. चारशे घोडे चार बकऱ्यांपुढे उभे!

शेवटी तेरवीवाल्यांच्या धाकट्या पोरानं गजू, मामाजी आणि सुनंदाला अंगठीसकट ताडपत्रीच्या जीपमध्ये घातलं आणि धूळ उडवत नेलं. मुहूर्त गाठला. मी मात्र सगळ्या बकऱ्या मार्गी लावून, वाटेत तीनदा गाव विचारत, घामानं निथळत पोहोचलो, तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या.

मांडवाच्या दारातच मुलीकडच्या एका बाईनं मला अडवलं. "ओ ड्रायव्हरभाऊ, इकडं नाई, तुमचं ताट मांगं वाढलं हाय."

"ताई," मी कळवळून म्हणालो, "मी ड्रायव्हर नाही हो!"

आतून, तक्क्याला टेकलेल्या मामाजींचा खणखणीत आवाज आला, "हाव बाई, खरं बोलून राह्यले ते. आमी सोता पाह्यलं!"