साखरखेर्ड्यातली ऑपॉसम

काळजी करण्याचा ठेका सरकारने वऱ्हाडात लिलावाने दिला असता, तर तो आमच्या चुलतसासऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणाला मिळालाच नसता. जालन्याची दुपारची गाडी गाठायला ते आदल्या दिवशीच स्टेशनावर मुक्कामाला जात आणि उद्याची गाडी आजच तर निघून गेली नाही ना, असे मास्तरांना विचारून घेत. लग्नाच्या मांडवात शिरले की वधूवरांकडे बघायच्या आधी बाहेर पडायची वाट हेरून ठेवत. एकदा सीताफळाची बी गिळली गेली, तर तीन दिवस डाव्या कुशीवर झोपले. उजव्या कुशीवर का नाही, हे मी विचारले तेव्हा म्हणाले, "जावईबापू, तिकडे अपेंडिक्स आहे. तिले कायले बोलवायचं?"

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सगळी विद्या आमच्याकडे नागपूरहून येई. देऊळगाव राजाच्या शाळेत सायन्स शिकवणारे आमचे हे सासरेही तिकडूनच शिकून आले होते. येताना त्यांनी एक पितळी सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या पट्ट्यांची एक पेटी आणली होती. पट्ट्यांवर ऑपॉसम नावाच्या अमेरिकन जनावराच्या गर्भाशयाचे पातळ काप होते. ऑपॉसम म्हणजे कांगारूचा गरीब नातलग. अंगाने मांजर, तोंडाने घूस आणि पोटाला पिलांसाठी थैली. तिला गर्भाशये दोन असतात, ही गोष्ट सासऱ्यांनी घरच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगून टाकली. पदर तोंडाला लावून एक म्हातारी म्हणाली, "मंग बाळंतविडेही दोन द्या लागत असतील." सासरे दोन दिवस या शंकेवर विचार करत होते.

पण त्यांच्या काळजीला खरेखुरे काम लागले ते माझ्या मेहुणीमुळे. तिचे वडील तिच्या लहानपणीच गेले. या काकांनीच तिला वाढवले आणि साखरखेर्ड्याला दिले. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिची पाळी थांबली, उलट्या सुरू झाल्या, पोट दिसू लागले. तिच्या सासूने तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरली, सातव्यात फुलांचा झोपाळा बांधून अर्ध्या गावाला डोहाळजेवण घातले. पुढे सुईण आली, तिने पोट चाचपले आणि हात धुऊन सांगितले, की आत काहीच नाही. महिनाभरात पोट उतरले. सासूचा निरोप आला: पोरीने आम्हाला फसवले, तिला घेऊन जा, चैत्रात मुलाचे दुसरे लग्न आहे.

सासरे आठ दिवस जेवले नाहीत. नवव्या दिवशी मला घेऊन साखरखेर्ड्याला जायला बैलांच्या दमणीत बसले. पट्ट्यांची पेटी त्यांनी तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतली होती आणि सूक्ष्मदर्शक माझ्या मांडीवर दिला होता. दर खाचखळग्याला ते गाडीवानाला म्हणत, "हळू हाक रे बाबा, आत बाई आहे." गाडीवानाने दोनदा मागे वळून पाहिले.

विहीणबाई ओसरीवर पाय पसरून गहू निवडत होत्या. मेहुणी आतल्या दाराशी उभी होती.

"तुमच्या पोरीनं आम्हाले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली," विहीणबाई म्हणाल्या. "महिनोनमहिने हिरवं लुगडं नेसून मिरवली, अन् आत वारा."

सासऱ्यांनी सूक्ष्मदर्शक उन्हात मांडला, त्याखाली एक पट्टी सरकवली आणि त्यांना डोळा लावायला सांगितले.

"काय दिसते?"

"केस."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागं सरा."

"आता गुलाबी गालिचा दिसून राह्यला."

"ते ऑपॉसम नावाच्या जनावराच्या गर्भाशयाचं अस्तर. विहीणबाई, पाहुणे येणार म्हणून कोतवालानं दवंडी देल्ली, तर तुम्ही काय करता?"

"घर सारवतो. पुरण टाकतो."

"या जनावराच्या अंगात बीजकोशाजवळ एक पिवळा गोळा तयार होते. तो रक्तात हार्मोन सोडते. हार्मोन म्हणजे कोतवाल. त्यानं दवंडी देल्ली, की गर्भाशय अस्तर जाड करून बसते. गर्भ राह्यला का नाही, हे कोतवाल विचारतच नाही. राह्यला तरी तितकंच सारवण, नाही राह्यला तरी तितकंच. मंग गोळा सुकते, अन् अस्तर गळून जाते. आता सांगा, पाहुणा आला नाही म्हणून सारवणारी खोटी झाली काय?"

विहीणबाईंचा हात गव्हात थांबला. बाजी जिंकली होती. एवढ्यात सासऱ्यांना सत्याची काळजी लागली. "अर्थात," ते म्हणाले, "बाई म्हणजे ऑपॉसम नव्हे. पोरीच्या अंगात नेमकं काय झालं, ते मले सांगता येत नाही." मी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला, की त्यांचा गुडघा लागून सूक्ष्मदर्शक हलला.

विहीणबाईंनी पुन्हा काचेला डोळा लावला. "त्या जनावराले सासू असते का?"

"नाही."

"म्हणूनच सुखी आहे," त्या म्हणाल्या आणि सूप उचलून उठल्या. "राहू द्या तिले. चैताचं मी पाहतो."

आम्ही निघालो, तेव्हा मेहुणी उंबऱ्यापर्यंत आली. "काका," तिने विचारले, "सगळं गळून गेल्यावर ते जनावर काय करते? शोधते का कुठं?"

सासऱ्यांनी पेटीची कडी पुन्हा एकदा लावून पाहिली आणि ते दमणीत चढले.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीवानाला एकदाही टोकले नाही. सूर्य कलला तेव्हा म्हणाले, "जावईबापू, काप पाहाले त्या जनावराले मारा लागते. अस्तर गळल्यावर ती कशी बसते, खाते का नाही, हे मी कुठं वाचलंच नाही."

चैत्रात लग्न झाले नाही. मेहुणीला मूल मात्र पुढेही झाले नाही. सासरे त्यानंतर दर महिन्याला साखरखेर्ड्याला जाऊ लागले. ओसरीवर बसत, तिच्या हातचा चहा घेत आणि परत येत. एवढ्या लांब जाऊन काय बोलता, असे मी एकदा विचारले.

"काही नाही," ते म्हणाले. "ती काम करते. मी पाहत बसतो."