तिसऱ्यांदा कॉपी

हिंजवडीच्या पीजीत राहून नोकरी शोधण्याचं ते माझं दुसरं वर्ष. एका कंपनीची, खोलीत बसून लॅपटॉपवर द्यायची ही कोडिंगची परीक्षा गेली तर मुकाट वर्ध्याला परत येईन आणि काकांच्या सिमेंटच्या दुकानात बसेन, असा शब्द मी बाबांना देऊन बसलो होतो. पीजीच्या मालकीणबाईंनी त्या सकाळी माझ्यासाठी मिक्सर बंद ठेवला. 'परीक्षा देऊन पोट भरत असतं तर तुम्ही एव्हाना गलेलठ्ठ झाला असता,' एवढं मात्र ऐकवलंच.

प्रश्न बघून हायसं वाटलं. वेबपानावरची बातमी कुणी कॉपी केली, की तिच्याखाली वर्तमानपत्राचं नाव आपोआप जोडलं गेलं पाहिजे. कॉपी होताना ब्राउझर पानाला वर्दी देतो. ती ऐकून मजकूर बदलायचा, एवढंच काम. कोड लिहिला, नमुन्याची बातमी कॉपी करून खालच्या चौकटीत पेस्ट केली. नाव आलं नाही. आली ती लाल पट्टी: कॉपी करण्यास मनाई आहे, पहिली ताकीद.

म्हणजे तीच वर्दी परीक्षेचं पानही ऐकत होतं, आणि त्याच्या लेखी कॉपी करणारा प्रत्येक जण चोर. मदतीच्या खिडकीत मी विचारलं, की कॉपी केल्याशिवाय हा कोड तपासायचा कसा? 'कृपया सूचना वाचा,' असं उत्तर आलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

चूक तेवढी सापडली. ब्राउझरला त्याची नेहमीची कॉपी करण्यापासून मी अडवलंच नव्हतं. ते दुरुस्त करून पुन्हा कॉपी केली. आता नाव आलं, पण बातमी गायब. वर दुसरी ताकीद. तिसऱ्या वेळी पेपर बंद होणार होता.

तीही चूक दुरुस्त केली. आता न तपासता पेपर देऊन टाकावा, एवढी अक्कल मलाही होती. पण दोनदा तोंडघशी पडलेल्या माणसाचा स्वतःवर भरवसा राहत नाही. पुन्हा काही राहिलं असेल तर? देव न मानणारा मी, तेव्हा कुणालाही नवस बोललो असतो. बातमी निवडली आणि कॉपी केली.

पेस्ट करायच्या आत पान पांढरं झालं. गैरप्रकारामुळे परीक्षा रद्द.

मी पोटभर रडलो. लॅपटॉपवरच बाबांचा मेसेज आला होता, 'झाला का पेपर?' काय लिहावं सुचेना. कॉपी झालेलं होतं ते तिथेच पेस्ट केलं. अख्खी बातमी उतरली, आणि खाली वर्तमानपत्राचं नाव. सगळं बरोबर होतं. तसंच पाठवून दिलं.

'हे काय होय?' बाबांनी विचारलं.

'काही नाही. येतो मी घरी,' मी लिहिलं.