दहा, पण कोणाच्या हिशेबाने?

जगातली निम्मी भांडणे एकच आकडा दोघांनी आपापल्या हिशेबाने वाचल्यामुळे होतात, असे माझ्या धाकट्या नणंदेचे मत आहे. उरलेली निम्मी तिने हे मत भर बाजारात बोलून दाखवल्यामुळे होतात असे माझे, अर्थात मनातल्या मनात. आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या बाजारात लोणच्याच्या कैऱ्या घेताना 'शेकडा' हा शब्द कानी पडला, की ती विचारणार, "शेकडा शंभराचा, का वरतून पाच देता?" कैरीवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाई, आम लेना है कि इम्तिहान लेना है?" शिंप्याने छत्तीस म्हटले तरी ती टेपची बाजू उलटून इंच आहेत की सेंटिमीटर ते पाहते. तो बिचारा अलीकडे आम्हांला येताना पाहून आधीच टेप पुढे करतो.

पुण्याच्या एका लहानशा कंपनीचे काम ती बालाघाटातल्या आमच्या मागल्या खोलीत बसून करते. खाणीत साचणारे पाणी उपसणाऱ्या पंपांवर लक्ष ठेवणारी एक पेटी तिने रचली आहे. पेटीतला प्रोग्राम अडला, की लॅपटॉपवरचा, चुका शोधून देणारा डीबगर पेटीला दुरूनच विचारतो, 'का थांबलीस?' आणि पेटी एका आकड्यात उत्तर देते. मला या संभाषणाचे विलक्षण कुतूहल. लाखोळीची डाळ निवडण्याच्या निमित्ताने मी तिच्या दारात बसत असे. प्रत्येक यंत्रणेचे इशाऱ्यांचे आकडे वेगळे, म्हणून डीबगरने स्वतःचे एक कोष्टक ठरवून ठेवले आहे, आणि पेटीतल्या दुभाष्याने, म्हणजे मधल्या एका छोट्या प्रोग्रामने, तिचा आकडा त्या कोष्टकात बदलूनच पाठवायचा, हे तिने मला पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावले. "पेटीनं आपल्या घरचा आकडा बाहेर नाही बोलाचा, वहिनी. समजलं?" मी "हौ" म्हणत असे. निम्मे समजलेले असे.

मग ती पेटी आपोआप बंद पडू लागली. कंपनीने कळवले, महिनाअखेर दोष सापडला नाही तर पुण्याला येऊन सर्वांबरोबर बसून काम करावे लागेल. डीबगर दर वेळी एकच सांगे: दहा, म्हणजे मेमरीपर्यंत पोचण्यात बिघाड. तिने मेमरी बदलली, तारा बदलल्या, अखेर सगळा बोर्ड बदलला. उत्तर दहाच. एका दुपारी तिने पलंगावर बॅग उघडली, चार कपडे टाकले आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसून पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "मले पुण्याले नाही जाचं, वहिनी."

काहीतरी बोलले पाहिजे म्हणून, तिचीच सवय लागल्यासारखे, मी विचारले, "ताई, हे दहा कोणाच्या हिशेबातले? डीबगरच्या, का पेटीच्या?"

ती कपाळावर हात मारून हसू लागली. तो दुभाष्या तिनेच लिहिला होता, आणि घाईघाईत आकडा बदलायचे त्यात घालायलाच विसरली होती; तो पेटीचा आकडा तसाच पुढे पाठवत होता. पेटीच्या घरी दहा म्हणजे बिघाड नव्हेच; प्रोग्रामच्या एका भागाने दुसऱ्याला दिलेली साधी हाक. डीबगरच्या कोष्टकात त्या हाकेचा आकडा तीस. ऐकणारा भाग तयार होण्याआधीच ती हाक येई, आणि अशी हाक कोणी झेलली नाही तर प्रोग्राम तिथेच संपतो, असा नियम.

"साऱ्या बालाघाटले इचारलं म्या," ती डोळे पुसत म्हणाली, "सोताले नाही इचारलं!"

ऐकणाऱ्या भागाला तिने आधी तयार केले; पेटी चालू लागली. कंपनीने तिला इथूनच काम करण्याची मुभा दिली. पण त्या दिवसापासून तिची ती बॅग पुन्हा माळ्यावर गेलेली नाही. चार कपड्यांसकट ती पलंगाखाली आहे. केर काढताना ती माझ्या हाताला लागते. मी काही विचारत नाही. फक्त बॅग भिंतीकडे थोडी आणखी आत सरकवते.