मांजरीच्या शेपटीची गाठ

शेपटी दारात सापडली ती माझ्याच हातून, हे खरं. त्यावरून बायको चार महिने माझ्याशी बोलली न्हाई. जे सांगायचं ते मांजरीला सांगायची. "सांग तुझ्या मालकाला, भाकर झाकून ठेवलीय." मी समोरच बसलेला.

तेव्हा निजामाचं राज्य, आमी वालूरला. मांजरीच्या शेपटीवर गाठ आली. हाडवैदू म्हणाला, हाड मोडलंय. बांबूच्या कामट्या बांधल्या. तिनं दिवस मावळायच्या आत कुरतडून टाकल्या. गाठ लिंबाएवढी झाली. शेजारी म्हणाले, तापल्या विळ्याचा डाग दे. बायकोनं विळाच लपवला.

बाजारच्या दिवशी सलोत्री, म्हणजे ढोरांचा सरकारी डाक्टर, आला. मी मांजर पोत्यात घालून नेली. बायको मागं.

"मला बैल-घोड्यांसाठी ठेवलंय. मांजरीचा हुकूम न्हाई."

"बैलच समजा साहेब, जरा लहान हाय."

तो हसला आणि बसला. पोत्यातून नुसती शेपटी बाहेर काढली. कातडी चिमटीत धरून हलवली. कातडी सरकली, गाठ जागची हलली न्हाई. सुई टोचली. पू न्हाई, सुई आत करकरली.

"गळू न्हाई हे. किती दिवस वाढायलंय?"

"चार महिने," बायको बोलली.

"मोडलेलं हाड जुळलं की गाठ बसायला लागते. ही वाढतीच हाय. हाडालाच गाठ फुटलीय. दाराचा कसूर न्हाई."

मला उडी मारावी वाटली. आजार वाईट, अन् मी खुशीत. लाज वाटली, पण खुशी लय मोठी होती.

"वाचंल का?" बायकोनं विचारलं.

त्यानं मांजरीचे पाय, बरगड्या चाचपल्या. दुसरी गाठ न्हाई. गुंगीचं औषध हुंगवलं, शेपटी बरीच वरून कापली आणि गाठ चिरून दाखवली. मी डोकं एवढं घातलं की त्यानं कोपरानं ढकललं. आत हाडाचे खडे, कडेला बकऱ्याच्या बरगडीच्या टोकाला असतं तसलं पांढरं, गुळगुळीत मऊ हाड. कापल्या जागेवरचं हाड मात्र साफ.

"साफ हाय. वाचंल."

बायको रडली. घराकडं येताना पोतं तिच्याच कडेवर. वेशीपाशी आली आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली, "अवो, तरी पण दार हळू लावत जा."

मांजर पुढं लय वर्षं जगली, बुटक्या शेपटीची. बायको जाऊन आता दोन वर्षं झाली. घरात दुसरं कुणी न्हाई, तरी दार मी हळूच लावतो.