पत्रकावरचा नवरंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नसरीनलाही नाही — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

आधी आनंदाचं सांगतो, कारण तो खोटा नव्हता. मे महिन्यातली सकाळ, आमच्या वस्तीमागची बाग, चिंचेखालचा पाचोळा — आणि त्यावरून टुणटुण उड्या मारत आलेला नवरंग पक्षी! हिरवी पाठ, शेपटीखाली शेंदरी, पंखावर निळा झळाळता तुकडा. आमच्या शहरात हा वाटेवर जरासा टेकणारा पाहुणा. वर्षानुवर्षं वाट बघूनही न दिसणारा. घाईत कॅमेऱ्यातले पहिले सगळे फोटो हलले. एक मात्र साधला — मान वर, चोच उघडी, ऐन शीळ घालताना. तो बघितला की आजही मला नाचावंसं वाटतं.

मी पत्रकांवर वाढलो. बाबांच्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता अक्षरं शिकलो. आपण छापू ते खरंच असलं पाहिजे, यावर आमच्या घरात वाद नव्हता. बागेत येणाऱ्या फोटोवाल्यांसाठी पत्रक काढायचं ठरलं, तेव्हा ते मीच लिहिलं. वर तो फोटो, खाली ठळक अक्षरांत — ‘मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्यांना फसवू नका! शांत बसा, तो आपणहून येतो.’

नसरीन माझी पक्षी बघायची जोडीदार. फोटो बघून तिनं मला गदागदा हलवलं. “कित्ता खूबसूरत है रे! तू बस चुप बैठा रहा, और ये खुद आया?”

“व्हय,” म्हणालो.

कसा आला होता तो? सांगू? मी मोबाईल पाचोळ्यात ठेवून नवरंगाचीच शीळ वाजवली होती. एकदा नाही — पुन्हा पुन्हा. त्याला वाटलं, दुसरा नर घुसलाय. तो भांडायला आला होता! मी मोबाईल बंद केला, तरी लांबच्या प्रवासानं दमलेला तो जीव नसलेल्या वैऱ्याला शोधत ओरडत राहिला. आणि मी? मी आनंदानं हसत होतो.

नसरीननं पत्रकावर विश्वास ठेवला. रोज पहाटे चिंचेखाली जाऊन बसली, डास चावले तरी हलली नाही. नवरंग काही दिसला नाही. “मेरेच में सबर नहीं रे,” म्हणाली, आणि हसली.



सबर तिच्यात भरपूर होता. नव्हता तो माझ्यात.