प्लास्टर निघाल्यावरचा पाय

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोहे, आणि ह्यांना दुकान उघडायची घाई. तेवढ्यात कडी वाजली. दारात खोडदच्या प्रयागबाई. बारा-तेरा वर्षं नारायणगावात आमच्या आळीला मेथी-कोथिंबीर त्याच पुरवतात. आज डोक्यावर पाटी नव्हती. हातात काठी होती.

दोन महिन्यांपूर्वी जीपमधून उतरताना पाय वाकडा पडला आणि पंजाचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. ते काढून आज आठवा दिवस.

"बसा आधी. चालत आलात?"

"स्टँडवरनं. धा मिन्टांच्या वाटंला अर्धा तास लागला, भाभी."

मी पाय पाहिला. पोटरी पार वाळलेली, कातडीचे पापुद्रे निघत होते. घोटा सुजलेला. स्वतःची चप्पल चढत नाही म्हणून नवऱ्याची स्लीपर घातली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड जुळलंय, आता हळूहळू चाला, पर महिनाभर वझं उचलू नका. मालक संगं व्हते. त्यांनी त्यातलं 'चाला' तेवढं ऐकलं."

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण जरासंच.

घरी टोमॅटोचा तोडा चालू आहे. प्लास्टर होतं तोवर सून आरती ताट जाग्यावर आणून देई, शेजारणी विचारपूस करत. ते निघालं आणि दुसऱ्याच दिवशी नवरा, कुंडलिकराव, म्हणाले, "आता काय झालंय? चांगला तर दिसतोय की पाय!" तेव्हापासून त्या रोज क्रेट उचलतात. काल सरीत पाय तिरका पडला, तशा तिथंच खाली बसल्या.

"आरती म्हनली, सोंग हाय. माज्या त्वांडावर न्हाई, पर म्हनली."

"मी बोलू का कुंडलिकरावांशी? बाजारात येतातच ते."

"नगा. तुमच्यापुढं व्हय व्हय करतील आन घरी मलाच ऐकवतील." त्यांनी सुजेवर बोट दाबलं, खळगा पडला तो लवकर भरेना. "पुन्ना मोडलं तर आपरेशन, आसं डाक्टर बोललेत. लई भ्या वाटतं ओ."

चहा संपला तरी त्या उठल्या नाहीत. मग पाय पुढं केला.

"भाभी, यावर एक पांढरी पट्टी बांधून द्या. लांबनं दिसंल आशी."